‘बिकॉज ऑफ’, ‘इन फ्रंट ऑफ’, ‘इन स्पाइट ऑफ’ असे जोडशब्द रोजच्या इंग्रजीत कसे वापरायचे?

तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाइडमधला चाळीस जोडशब्दांचा तक्ता तोंडपाठ, आणि तरीही अंधेरीच्या मुलाखतीत ‘इन स्पाइट ऑफ आय वर्क्ड हार्ड’ म्हणून गेलात आणि पुढचं वाक्य सुचेना. मी मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंग ऑफिसात (म्हणजे बंदरातला माल सोडवून पुढे पाठवणाऱ्या) एकोणीस वर्षं इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. शाळा माझीही मराठीच. त्यामुळे तुमची अडचण मला आतून ठाऊक आहे. ती पाठांतराची नाही.

तक्ता क्षणभर बाजूला ठेवा आणि ‘घराच्या समोर’ म्हणून बघा. ‘समोर’ला ‘घर’ थेट जोडता येत नाही, मध्ये ‘च्या’ लागतो, किंवा निदान ‘घर’चं ‘घरा’ करावं लागतं. इंग्रजीतही तेच घडतं. ‘इन फ्रंट ऑफ द हाउस’मधला ‘ऑफ’ म्हणजे आपला ‘च्या’. फक्त आपण नाम आधी सांगतो आणि शब्दयोगी अव्यय नंतर, तर इंग्रजी माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतो. म्हणून तीन शब्द तीन समजू नका, शेवटच्या ‘ऑफ’सकट तो एकच शब्द आहे. त्याच्या पुढे नाम हवं, अख्खं वाक्य नको. व्याकरण खरं तर एवढंच, बाकी सगळा सवयीचा भाग.

ही सवय मराठीच्या आधाराने लवकर लागते. ‘पावसामुळे उशीर झाला’ यात ‘मुळे’ नामाला चिकटलंय, म्हणून ‘बिकॉज ऑफ द रेन’. ‘पाऊस पडला म्हणून उशीर झाला’ यात क्रियापद आलं, म्हणून ‘बिकॉज इट रेन्ड’, ‘ऑफ’ गायब. ‘ऐवजी’ तर अगदी बेतून दिल्यासारखं जुळतं. ‘ट्रेनने जाण्याऐवजी बसने गेलो’ म्हणताना आपण ‘जातो’चं ‘जाणं’ करतो, म्हणजे क्रियापदाचं नाम. इंग्रजीत तेच काम ‘गोइंग’ करतं: ‘इन्स्टेड ऑफ गोइंग बाय ट्रेन, आय टुक द बस.’ ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग’ (सुधारण्याच्या हेतूने) यामध्येही ‘टू’नंतर ‘इम्प्रूव्ह’ नाही, ‘इम्प्रूव्हिंग’ येतं, ते याच कारणाने.

आता तुमचं अडलेलं वाक्य. ‘मेहनत करूनही’, ‘ताप असूनही’ यात आपण क्रियापदच वापरतो. मराठी इथे नाम मागत नाही, म्हणून आपली जीभ इंग्रजीतही सरळ ‘आय वर्क्ड’कडे वळते. चूक नेमकी इथे होते, आणि मी शिकवलेल्या जवळपास प्रत्येक मुलाची झाली आहे. ‘इन स्पाइट ऑफ माय हार्ड वर्क’ म्हणा, ‘इन स्पाइट ऑफ वर्किंग हार्ड’ म्हणा. दोन्ही जमत नसतील तर ‘आय वर्क्ड हार्ड, बट…’ म्हणा. हा ‘बट’ कमीपणाचा नाही, इंग्रज माणूसही बोलताना बहुतेक वेळा तोच वापरतो. ‘डिस्पाइट’चा अर्थ तोच, पण त्याला ‘ऑफ’ लागत नाही. ‘डिस्पाइट ऑफ’ ऐकलं की मला अजून टोचतं.

‘समोर’वर थोडा जास्त वेळ द्या, कारण मराठीत तो एकच शब्द दोन कामं करतो. समजा दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमापाशी कोणाला भेटायचंय. ‘इन फ्रंट ऑफ प्लाझा’ म्हटलंत तर तो माणूस सहसा प्लाझाच्याच दारापुढे, त्याच फुटपाथवर थांबेल. ‘ऑपोझिट प्लाझा’ म्हटलंत तर रस्ता ओलांडून शिवाजी मंदिर नाट्यगृहापाशी. आपण दोन्हीला ‘प्लाझासमोर’ म्हणतो आणि मग दोन फुटपाथवर उभे राहून एकमेकांना फोन करत बसतो. ‘ऑपोझिट’लाही मागे काही जोडू नका, ‘ऑपोझिट द स्टेशन’ एवढं पुरे. आणि लोकलच्या पुढच्या डब्यात होतो हे सांगायचं असेल तर ‘इन द फ्रंट ऑफ द ट्रेन’. मधला ‘द’ गाळलात तर ‘आय वॉज स्टँडिंग इन फ्रंट ऑफ द ट्रेन’ याचा अर्थ तुम्ही रुळांवर उभे होतात!

‘आउट ऑफ’ माझ्या विशेष आवडीचा. ‘दहापैकी आठ’ म्हणजे ‘एट आउट ऑफ टेन’, इथे तो ‘पैकी’ होतो. ‘कुतूहलापोटी विचारलं’ म्हणजे ‘आय आस्क्ड आउट ऑफ क्युरिऑसिटी’, इथे तो ‘पोटी’ होतो. मायेपोटी, भीतीपोटी, सगळे तसेच. मनातली भावना पोटातून बाहेर येते हे दोन्ही भाषांना सुचलंय, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

‘अकॉर्डिंग टू मी’ मात्र आजपासून सोडा. ‘अकॉर्डिंग टू’ म्हणजे ‘च्या म्हणण्यानुसार’, तो दुसऱ्याचा हवाला देण्यासाठी आहे: ‘अकॉर्डिंग टू द टाइमटेबल’, ‘अकॉर्डिंग टू माय डॉक्टर’. ‘माझ्या मते’साठी ‘इन माय ओपिनियन’ किंवा साधं ‘आय थिंक’.

एक चूक मला महागात पडली होती, ती सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाने कागद उशिरा दिले, कंटेनर बंदरात अडकला, डेमरेज म्हणजे माल वेळेत न उचलल्याचा दंड चढला. मी पत्रात लिहिलं, ‘डिले ऑन युअर बिहाफ’. मला म्हणायचं होतं ‘तुमच्याकडून झालेला उशीर’. पण ‘ऑन बिहाफ ऑफ’ म्हणजे ‘च्या वतीने’, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटलं की त्यांच्या वतीने उशीर आम्हीच केला! त्यांनी तेच पत्र पुढे करून डेमरेज द्यायला नकार दिला. साहेबांनी मला समोर बसवून ‘ऑन द पार्ट ऑफ’ कागदावर लिहून दाखवलं: ‘कडून’ असेल तिथे हे, ‘वतीने’ असेल तिथे ते. आणि ‘माझ्या वतीने’ म्हणताना जसा ‘माझ्या’ येतो, तसंच ‘ऑन माय बिहाफ’, ‘ऑन बिहाफ ऑफ मी’ नव्हे.

‘विथ रेफरन्स टू’, ‘इन रिस्पेक्ट ऑफ’, ‘इन कनेक्शन विथ’ (सगळ्यांचा अर्थ साधारण ‘च्या संदर्भात’) हे कागदावरचे शब्द, ते वाचता आले तरी पुष्कळ. अर्नेस्ट गॉवर्स या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून 1948 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली, तिच्यात असे लांबलचक जोडशब्द टाळून साधा ‘अबाउट’, साधा ‘फॉर’ वापरा असं बजावलं होतं. आपल्या ऑफिसांत मात्र ते अजून नांदतात. बोलताना ‘अबाउट माय लीव्ह’ म्हणा, त्याने कोणाचाही मान कमी होत नाही.

राहिला ‘इन केस’. लिफ्टशेजारच्या पाटीवर ‘इन केस ऑफ फायर’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘आग लागल्यास’. पुढे नाम, म्हणून ‘ऑफ’. पण ‘टेक अ‍ॅन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’चा अर्थ ‘पाऊस पडल्यावर छत्री घे’ असा नाही. पाऊस येईलच असं नाही, पण न जाणो आलाच तर, म्हणून आत्ताच घेऊन ठेव. जुलैत घरातून निघताना आई दारातून ओरडून सांगते ना, ‘असू दे गं, पिशवीत टाक’, तोच हा ‘इन केस’.