सीआरटी प्रोजेक्टरचं कन्व्हर्जन्स, म्हणजे लाल-हिरवा-निळा पडद्यावर एकमेकांवर बसवायची जुळवणी, एका इनपुटवरनं दुसऱ्यावर कॉपी होतं का? मित्राच्या मशीनमधे टाकता येईल का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मी सांगली-मिरजेत हॉलमधली ही तीन नळ्यांची (प्रत्येक रंगाला एक ट्यूब) मशीनं बरीच लावलीत म्हणून सांगतो.

डीव्हीडीवर चित्र एकदम चोख आणि लॅपटॉप जोडला की कडेला लाल-निळं फुटतं म्हणताय, ते मशीन बिघडलंय म्हणून नाही. मेमरीतला प्रत्येक ब्लॉक (सेव्ह केलेल्या जुळवणीचा एक संच) त्या त्या स्कॅन फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे सेकंदाला किती रेघा काढायच्या त्याचा, असतो, पाल डीव्हीडी 15.625 किलोहर्ट्झ आणि लॅपटॉप 1024 बाय 768 ला 60 हर्ट्झवर 48 च्या वर, म्हणजे जवळजवळ तिप्पट, तेव्हा ट्यूबमधला किरण वळवणाऱ्या कॉइलचं वागणंच बदलतं आणि जुनी दुरुस्ती कोपऱ्यात कमी-जास्त पडते. म्हणून कॉपी करताना जवळचा ब्लॉक घ्या. 720पी 60 हर्ट्झचा असेल तर तो 45 किलोहर्ट्झचा, त्याच्यावरनं लॅपटॉपचं काम पटकन होतं. डीव्हीडीवरनं घेतलात तर कोपरे बहुतेक सगळे हातानंच करायचे. मूळ ब्लॉक तसाच ठेवा, कॉपीवर काम करा.

मशीन किमान अर्धा-पाऊण तास तापू द्या, थंड मशीनवर सेव्ह केलेलं नंतर सरकतंच. जाळीचा पॅटर्न लावून आधी एकटा हिरवा ठेवा आणि त्याच्या रेघा सरळ करा, मग त्याच्यावर लाल आणा, लाल बंद करून निळा. आधी मधलं, मग कडा, शेवटी कोपरे. लाल रेघ हिरवीवर नीट बसली की दोन्ही मिळून पिवळी एकच रेघ दिसते, एका बाजूला केसाएवढी जरी लाल कड राहिली तरी अजून बसलेली नाही, निळ्याला तसंच आकाशी बघायचं. घाई करू नका, इथंच खरी मजा आहे!

मित्राच्या मशीनचं म्हणाल तर मिरजेत एकाच कारागिरानं केलेल्या दोन सतारी असल्या तरी एकीचे पडदे मोजून दुसरीला बांधले म्हणून सूर लागत नाही, प्रत्येक ट्यूब, प्रत्येक कॉइल वेगळी. आणि मशीन तेच असलं तरी विश्रामबागेत एका हॉलमधे उत्तरेकडचं तोंड पूर्वेकडं फिरवलं तर तिन्ही रंग हलले, पृथ्वीचं चुंबकत्व ट्यूबमधल्या इलेक्ट्रॉनला ओढतं ना. लोखंडी कपाट किंवा मोठा स्पीकर पण लांब ठेवा.

मेनूत आकडे दिसत असतील तर मोबाईलवर फोटो काढून ठेवा, जुन्या मशीनची मेमरी गेली तर तेच कामाला येतात.

आणि जाळीचा पॅटर्न लावून जेवायला जाऊ नका. कॉन्ट्रास्ट कमी ठेवूनच काम करा, फॉस्फरवर (ट्यूबच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर) रेघा एकदा जळल्या की निघत नाहीत, ट्यूबच बदलावी लागते आणि ती आता सहज मिळत नाही.