मोठ्या कंपनीत नोकरी करण्याचे फायदे-तोटे काय आहेत?

पुण्यातल्या आयटीपुरतं सांगतो. पगार वेळेवर जमा होतो, पीएफ कापला जातो आणि ग्रुप मेडिक्लेममध्ये बऱ्याच ठिकाणी आईवडीलही बसतात. साठी ओलांडलेल्यांची वेगळी पॉलिसी कितीला पडते ते एकदा विचारून बघा, म्हणजे ही सोय केवढी मोठी आहे ते कळेल. गृहकर्जालाही बँक फारशी खळखळ करत नाही.

तोटा म्हणजे काम निवडता येत नाही. जावा शिकून गेलात तरी सपोर्ट प्रोजेक्टवर रात्रपाळीत तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, बंद करत बसावं लागू शकतं. प्रोजेक्टच नसेल तर बेंच, म्हणजे काम मिळेपर्यंत नुसतं थांबून राहणं. नोटीस पीरियड अनेकदा 90 दिवसांचा, आणि नवी कंपनी तेवढं थांबेलच असं नाही. हिंजवडीचं ट्रॅफिक मी यात धरत नाही, ते छोट्या कंपनीवाल्यांनाही चुकत नाही.

फ्रेशर असाल तर खुशाल जा. फक्त ऑफर लेटरमध्ये बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट, आहे का ते सही करण्याआधी बघा.