ट्रॅप दिसतो कुणाला आणि कधी?

तुमची पोस्ट वाचून हसूही आलं आणि कीवही आली. डोंबिवलीतलं तुमचं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, काल्पनिक पात्रं घेऊन फासे टाकत खेळायचा खेळ) रविवारचं टेबल, खेळाडू प्रत्येक फरशीला काठी टोचून बघतायत, एका कॉरिडॉरमध्ये दीड तास जातोय, आणि तरीही ट्रॅप लागला की ‘ही चीटिंग आहे’ म्हणून डीएमच्या (डंजन मास्टर, खेळ चालवणारा), म्हणजे तुमच्याच, अंगावर येतायत. याच दुखण्याने आमचा अख्खा ग्रुप मोडला. फरक इतकाच, की मी काठी टोचणाऱ्यांतला होतो.

डीसी म्हणजे गाठायचा आकडा, रोल म्हणजे फासा टाकणं, तो कधी मागायचा हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो. मी डी अँड डीच्या २०१४च्या, म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या, नियमांबद्दल बोलतोय. २०२४चं पुस्तक वापरत असाल तर ताडून घ्या.

आमचा ग्रुप पश्चिम उपनगरातला, नाव घेत नाही. पार्टीत, म्हणजे पात्रांच्या टोळीत, सगळे ड्वार्फ आणि एल्फ, म्हणजे सगळ्यांना डार्कव्हिजन, अंधारात बघायची ताकद. मग मशाल कशाला पेटवायची? आमची रोग (Rogue, चोरट्या कसबांचं पात्र) तिसऱ्या लेव्हलची, मूळचे १०, विस्डमचे २, खास कसबाचे म्हणजे एक्स्पर्टिजचे ४, पॅसिव्ह पर्सेप्शन (फासा न टाकता आपोआप काय नजरेला पडतं त्याचा आकडा) १६. झाकलेल्या खड्ड्याचा डीसी १५. आम्ही निर्धास्त. आणि ती सरळ खड्ड्यात.

नंतर कळलं ते असं. डार्कव्हिजनला मिट्ट काळोख दिवसासारखा दिसत नाही, अंधूक उजेडासारखा दिसतो. अंधूक उजेडात डोळ्यांनी काही हेरायचं तर डिसअडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा), आणि पॅसिव्हमध्ये डिसअडव्हांटेज म्हणजे सरळ ५ वजा. १६चे झाले ११. एक मशाल पेटवली असती तर २० फुटांपर्यंत लख्ख उजेड आणि खड्डा दिसला असता. नियम पुस्तकात आहे, डीएमने तो बरोबरच लावला. पण ‘काळोखात सगळं करडं दिसतंय, फरशांच्या फटी कळत नाहीयेत’ एवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. ग्रुप चालवणाऱ्यांकडे विचारायला गेलो तर उत्तर काय, ‘डीएमचा शब्द शेवटचा, पुस्तक वाचून येत जा.’ पुढच्या वेळेपासून प्रत्येक जण प्रत्येक दाराला ‘मी छत बघतो, मी बिजागरी बघतो, मी उंबरठा बघतो’ असं मंत्रासारखं म्हणायला लागला. तसं कुणी म्हणालं नाही की डीएम म्हणणार, ‘तू छत बघितलं असं बोलला नव्हतास.’ पावसाळा संपेपर्यंत टेबलावर तिघंच उरले. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तर माझं मत, पटलं तर घ्या. खेळाडूचं पॅसिव्ह तुम्हाला आधीच माहीत असतं, ट्रॅपचा डीसीही तुम्हीच ठरवता. म्हणजे ट्रॅप सापडणार की नाही हा निकाल तुम्ही शनिवारी रात्री घरीच लावून ठेवलेला असतो. यात खेळाडूने खेळायचं काय? म्हणून आता डीएम म्हणून मी पॅसिव्ह फक्त खुणेसाठी वापरतो. आकडा पुरला तर सांगायचं, ‘इथल्या चार फरशांवर धूळ नाही.’ ‘ट्रॅप आहे’ असं म्हणायचं नाही. ती धूळ का नाही हे त्यांनी शोधावं. नुसतं दिसणं पर्सेप्शन, दिसलेल्यावरून यंत्रणा ओळखणं इन्व्हेस्टिगेशन. आणि कुणी पिशवीतलं पीठ उडवून फट शोधली, तर रोल मागूच नका, द्या सापडलं म्हणून. आकडा पुरला नाही तरी एखादी ढोबळ खूण फुकट द्या, भिंतीवरचे जुने रक्ताचे शिंतोडे वगैरे. काही जुने डीएम म्हणतील लाड करतोयस. म्हणू देत.

आता काठी. ती बंद करायचा उपाय डी अँड डीच्याच १९८१च्या बेसिक संचात आहे. तिथे १० बाय १० फुटांचा तुकडा शोधायला १० मिनिटं जातात, दर २० मिनिटांनी भटक्या राक्षसांसाठी रोल होतो, सहा बाजूंच्या फाशावर एक आला की कुणीतरी येतं. ट्रॅप सापडायची शक्यताही सहात एक, ड्वार्फला सहात दोन. मशाल तासाभरात विझते. खेळाडू आपोआप ठरवतात कुठे शोधायचं आणि कुठे सरळ चालत सुटायचं. पाचव्या आवृत्तीतही मशाल तासभरच जळते, फक्त हिशोब कुणी ठेवत नाही. तुम्ही ठेवा. टेबलावर सहा खडे मांडा, दर शोधाला, म्हणजे दर दहा मिनिटांना, एक उचला, खडे संपले की मशाल विझली. पहिल्याच दिवशी फरक पडेल असं मात्र म्हणत नाही.

फाइंड ट्रॅप्स हा स्पेल (जादूचा मंत्र) कुणी घेतला असेल तर बदलायला सांगा. दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, म्हणजे मोजक्या मंत्रांतली एक संधी, जातो आणि कळतं काय, तर ट्रॅप आहे आणि साधारण कसला आहे. कुठे आहे ते नाही!

आणि रविवारीच खेळता तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून वेळ ठरवत जा, नाहीतर निम्मी पार्टी ठाण्याला अडकते आणि उरलेल्यांच्या चुकीचं खापर गैरहजर रोगवर फुटतं. तुमच्या रोगचं पॅसिव्ह किती आहे आणि पार्टीत डार्कव्हिजन कुणाकुणाला आहे तेवढं लिहा, डीसी किती ठेवावेत ते सांगतो.