व्हेन किती ते नंतर, आधी व्हेनच्या टोकाचं बघ

डिप्लोमाच्या प्रोजेक्टला छोटा रोटरी व्हेन कॉम्प्रेसर करतोयस, व्हेन (फिरणाऱ्या रोटरच्या खाचेत आत-बाहेर सरकणाऱ्या पट्ट्या) ४ ठेवू की ८, आणि स्प्लिट एसीतला रोटरी म्हणजे हाच का, असं विचारलंयस. दुसरं सोपंय, आधी तेच सांगतो. नाही. स्प्लिटमध्ये बहुतेक रोलिंग पिस्टन असतो, तिथे ब्लेड सिलिंडरच्या खाचेत बसते आणि मागून स्प्रिंग. तुझ्यात खाचा रोटरला, रोटर सिलिंडरच्या मध्यापासून बाजूला सरकवलेला, आणि व्हेन त्याच्याबरोबर फिरतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर गाडीच्या एसीचा जुना व्हेनवाला मिळाला तर उचल आणि खोलून बघ, फक्त पिस्टनवाला गळ्यात मारून घेऊ नकोस.

आता ४ की ८. व्हेन वाढवल्या की शेजारच्या दोन कप्प्यांतला (दोन व्हेनमधली जागा म्हणजे कप्पा) प्रेशरचा फरक कमी होतो म्हणून लीकेज कमी, हे बरोबरच, पण घर्षण वाढतं आणि रोटर खाचांनी पोखरला जातो. तुझ्या साइझला ४-५ बास झाल्या.

खरी भानगड टोकाची आहे, म्हणजे व्हेनची जी कड सिलिंडरला घासते तिची. व्हेन बाहेर फेकली जाते ती सेंट्रिफ्यूगल फोर्सने, आणि तो स्पीडच्या वर्गाने बदलतो, म्हणजे २७०० आरपीएमला जेवढा असतो त्याच्या नवव्या हिश्शाएवढाच ९०० ला. आता मे महिन्यात सायनच्या सिग्नलला अडकलेली गाडी घे, इंजिन आयडलला आणि कंडेन्सरला (जिथे गॅस थंड होऊन द्रव होतो) वारा नाही. आर १३४ए, म्हणजे एसीतला गॅस, ५५ अंशाला कंडेन्स होत असेल तर अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर जवळपास १५ बार, इव्हॅपोरेटर (जिथे तो परत वायू होऊन गारवा देतो) शून्य अंशाला धरला तर ३ च्या आतच, म्हणजे दोन्ही प्रेशरचा रेशो पाचाच्या आसपास आणि तोही नेमका स्पीड कमी असताना! व्हेन सिलिंडरच्या भिंतीपासून उचलली जाते, टक-टक आवाज येतो, कूलिंग पडतं. म्हणून डिस्चार्ज साइडचं ऑइल प्रेशरने खाचेच्या तळाशी सोडतात. ते प्रेशर पूर्ण मात्र देऊ नकोस, थ्रॉटल करून, म्हणजे बारीक वाटेने कमी करून दे, नाहीतर टोक सिलिंडर खाऊन टाकेल. स्टार्टिंगला प्रेशर बनलेलंच नसतं आणि घट्ट ऑइल व्हेनला खाचेत धरून ठेवतं, त्यामुळे पहिले काही सेकंद आवाज आला तर घाबरू नको.

एक गोष्ट ड्रॉइंगवर कुणी लिहीत नाही. सिलिंडर कास्ट आयर्नचा आणि व्हेन साध्या अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ४० मिमी लांबीची व्हेन ८० अंशांनी तापल्यावर सिलिंडरपेक्षा साधारण ३८ मायक्रॉन जास्त वाढते. थंड असताना साइड प्लेटशी (सिलिंडरची बाजू बंद करणारी प्लेट) ३० मायक्रॉनची गॅप ठेवून खूश झालास तर गरम झाल्यावर जॅम. जास्त सिलिकॉनवालं अ‍ॅल्युमिनियम घे, वाढतंही कमी आणि झिजतंही कमी.

आणि गॅस लगेच भरू नकोस. आधी नुसत्या हवेवर, २-३ बारच्या वर न नेता चालव, मग खोलून व्हेनची टोकं बघ. पूर्ण रुंदीवर सारखी चमक हवी, एकाच कडेला असेल तर खाच तिरकी कापली गेलीय, रोटर परत मशीनवर.