समुद्र तोच, रंग वेगळे का?

प्रश्न : ग्रीसच्या किनाऱ्याची जुनी पेंटिंग्ज करडी-तपकिरी आणि नंतरची एकदम जांभळी-गुलाबी दिसतात, असं का?

उत्तर : मुख्य फरक शिक्षणाचा. जुन्या पिढीतले ग्रीक चित्रकार वोलानाकिस (१८३७–१९०७) जर्मनीत म्युनिकच्या कला-अकॅडमीत शिकले, तिथे स्टुडिओतल्या मातकट छटांवर भर, त्यामुळे १८८३ मध्ये ग्रीसला परत येऊन पिरेअस बंदराजवळ राहिले तरी त्यांच्या आकाशात बऱ्याचदा ते मऊ, धूसर वातावरण राहिलंच. मला ते आवडतं, जहाजांच्या शिडांवरचा उजेड काय सुंदर पकडलाय! पण एजियनची (ग्रीसच्या पूर्वेकडच्या समुद्राची) उन्हाळी हवा तशी नाहीच, मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरेचा वारा सुटला की धुरकटपणा जातो, लांबची बेटंसुद्धा कापून ठेवल्यासारखी स्पष्ट दिसतात, आणि संध्याकाळी डोंगर खरंच जांभळे होतात. हे जांभळेपण पुढे पॅरिसला शिकलेल्या मालेआस या नंतरच्या ग्रीक चित्रकाराने (१८७९–१९२८) धीटपणे रंगवलं, त्यांच्या सँटोरिनी बेटाच्या कड्यांमध्ये सावली काळी नाहीच, जांभळी-निळी आहे आणि शेजारी गुलाबी, पिवळट रंगाचे सपाट पट्टे. तुम्ही स्वतः रंगवणार असाल तर सावलीत काळा अजिबात मिसळू नका, अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळ्या रंगात) थोडा लालसर जांभळा घालून बघा, आणि लांबच्या बेटाची कडा पुसट करू नका.