तार शेजारच्या दारात गेली

ताई,
मी खानापूर तालुक्यातली, वय ७४. १९७१ साली लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि आमचे हे मराठा पलटणीतून पूर्वेकडं लढाईवर गेले. तेव्हा मी रोज रात्री वहीत चार ओळी लिहायची. ती वही परवा ट्रंकेत सापडली. १६ डिसेंबरला लिहिलंय, लढाई संपली, रेडिओ ऐकून गल्लीत साखर वाटली. १९ तारखेला लिहिलंय, 'तारवाला आला. शेजारी गेला. देवा, वाचवलंस.' शेजारणीचा नवरा पूर्व बंगालात जमालपूरकडं पडला होता. ती पोटुशी होती. आजही आमचं रोजचं येणंजाणं आहे. हे आता नाहीत. कधी वाटतं, तिचे पाय धरून सगळं सांगावं, कधी वाटतं वही चुलीत घालावी. नात म्हणते, फोटो काढून सगळ्यांना पाठवते. काय करू?

आक्का,
वही चुलीत घालू नका. आणि पायही धरायला जाऊ नका.

तुमच्याच वहीतल्या तारखा लावून बघा. जमालपूर पडलं ११ डिसेंबरला, तार आली १९ ला. तुम्ही देवाला हाक मारलीत तेव्हा तो माणूस जाऊन आठवडा उलटला होता आणि तारेवर पत्ता लिहून झाला होता. तुमच्या मागण्यानं ती तिच्या दारात गेली नाही. बेळगावच्या आसपास घरटी एक माणूस फौजेत असायचा. तारवाल्याची सायकल गल्लीत वळली की प्रत्येक दारामागची बाई एकच मागायची, पुढं जाऊ दे. तो थांबेपर्यंत तुमच्या मैत्रिणीनंही तेच मागितलं असणार. तुम्ही वीस-एकवीस वर्षांच्या होतात. तेवढ्या पोरीला सुटल्यासारखं वाटलं, याला मी पाप म्हणणार नाही.

मग तिला सांगायला काय हरकत, असं विचाराल. तुमचं ओझं उतरेल, पण ते तिच्या डोक्यावर चढेल, आणि वर तुम्हालाच समजावत बसायची पाळीही तिच्यावर येईल. पन्नास वर्षांनी तिनं हे का करावं? तिनं होऊन त्या दिवसाबद्दल विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. पान तिच्या हातात द्या.

खरं तर मला १९ तारखेपेक्षा आधीच्या पानांचं जास्त वाटतं. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही जाता जाता लिहिलंय की त्या पानांत शेजारणीच्या नवऱ्याबद्दलही आहे: तो रजेवर आला की अंगणात परेडीचे हुकूम देत कोंबड्यांना रांगेत उभं करू बघायचा, आणि जायच्या दिवशी ठेच्याची बरणी राहिली म्हणून मोटार थांबवून पळत परत आला. आक्का, हे तिच्याकडं कुठं आहे? तिच्याकडं वर्दीतला एक फोटो असेल, पेन्शनचे कागद असतील. पन्नास वर्षं लोक तिला तो शूर होता एवढंच सांगत आलेत. त्याच्या मुलानं तर बापाला पाहिलंच नाही. भर लढाईच्या धामधुमीत तुम्ही शेजारच्या माणसाचा ठेचा टिपून ठेवलात, तेव्हा ही पानं जेवढी तुमची तेवढीच त्यांची आहेत. ती घेऊन तिच्याकडं जा. मुलगा घरी असेल असा रविवार बघा.

नातीला सोबत न्या. तिची शाळा इंग्रजीतली असेल, जोडाक्षराला अडखळेल, अडखळू दे. पेन्सिलीचं फिकट अक्षर तुमच्यापेक्षा तिला बरं दिसेल. वाचून झाल्यावर तुमच्या मैत्रिणीला हवी ती पानं नातीनं दुसऱ्या वहीत उतरवून द्यावीत. मूळ पान फाडू नका, १९ चंही नाही.

फाटक्या कडांना सेलोटेप लावू नका, तो पिवळा पडून कागद खातो. प्लास्टिकच्या पिशवीतही ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमटपणा धरतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि ट्रंकेत कसर लागतेय का ते अधूनमधून बघत जा. फोटो जरूर काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. पण ते नातीच्याच फोनमध्ये राहू देत. शेजारच्या घरातली गोष्ट आहे, कुणाला पाठवायचे असतील तर आधी त्या मुलाला आणि त्याच्या आईला विचारायचं, हे तिला तुम्हीच सांगा.