पितळेचा साप कोणी फोडला?

प्रिय मित्रा,
सलाम.

तुझं पत्र पोचलं. युवक मंडळाचा बायबल अभ्यास या वेळी तुझ्याकडे आलाय आणि तू विषय निवडलास मूर्तिपूजा. निवड आवडली. पण तू विचारलेले तीन प्रश्न वाचून जरा थबकलो. आजीच्या घरातली येशूची तसबीर चालते का? वसईचा मित्र मरियामातेच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावतो, त्याला काय सांगावं? ऑफिसात गणपतीचा प्रसाद पुढे केला तर काय करावं? तिन्ही प्रश्नांत मूर्ती दुसऱ्याच्या घरी आहे. तुझ्या चर्चबद्दल, तुझ्या मंडळाबद्दल, तुझ्या स्वतःबद्दल एक ओळही नाही. अभ्यास या वळणाने गेला तर पोरं आपण बरे म्हणत खूश होऊन घरी जातील आणि हाती काहीच लागणार नाही.

शास्त्रातला मूर्तींविरुद्धचा बहुतेक मजकूर शेजाऱ्यांना उद्देशून नाही. तो देवाच्या लोकांना, घरातल्यांना लिहिलेला आहे. योहानाच्या पहिल्या पत्राचं शेवटचं वाक्य बघ: मुलांनो, मूर्तींपासून दूर राहा. हे वाचणारे लोक प्रभूवर विश्वास ठेवणारे होते.

सोन्याच्या वासराची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये ऐकलीस, पण निर्गम 32 पुन्हा उघड आणि पाचव्या वचनावर थांब. वासरू ओतून झाल्यावर मोशेचा भाऊ अहरोन जाहीर करतो की उद्या परमेश्वराप्रीत्यर्थ उत्सव आहे. परमेश्वराप्रीत्यर्थ, दुसऱ्या कुठल्या देवाप्रीत्यर्थ नव्हे. ज्याने मिसरातून बाहेर काढलं त्याच्याच नावाने सगळं चाललं होतं. फक्त डोंगरावर गेलेल्या मोशेची वाट पाहण्याचा त्यांना कंटाळा आला होता आणि डोळ्यांपुढे काहीतरी हवं होतं, ज्याला पुढे घालून चालता येईल. नंतर मोशेने जाब विचारला तर अहरोन म्हणतो, मी सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! मंडळीच्या कमिटीच्या बैठकांत असली उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत.

पण अभ्यासाचा गाभा वासरू ठेवू नकोस. ते सगळ्यांना ठाऊक आहे. गाभा ठेव पितळेचा साप.

गणना 21 मध्ये लोक कुरकुरतात, विषारी साप येतात, माणसं मरू लागतात. मग देव मोशेला सांगतो की साप करून खांबावर लाव, जो त्याच्याकडे पाहील तो जगेल. म्हणजे ही वस्तू कोणा राजाच्या लहरीने झाली नव्हती, देवाच्या शब्दाने झाली होती, आणि तिच्याकडे पाहून खरोखर माणसं वाचली होती. अशी वस्तू कोण टाकून देईल? लोकांनी जपली, कनानात नेली, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मग 2 राजे 18 मध्ये, किमान पाचशे वर्षांनी, कळतं की इस्राएल लोक तिला धूप जाळत होते. हे कधी सुरू झालं ते शास्त्र सांगत नाही. मला वाटतं, ते कोणाला सांगताही आलं नसतं. आधी आठवण म्हणून ठेवली असेल, मग आदर म्हणून झाकली असेल, मग कोणी आजारी पडलं तेव्हा तिच्यासमोर बसवलं असेल. यातली एकही पायरी वाईट दिसत नाही. यहूदाचा राजा हिज्कीया आला आणि त्याने तिचे तुकडे केले. मोशेच्या हातची वस्तू! त्या दिवशी यरुशलेमेत किती म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले असतील, याचा विचार कर. आणि शास्त्र हिज्कीयाला शाबासकी देतं.

आता योहान 3 उघड. निकदेम नावाच्या यहूदी पुढाऱ्याशी बोलताना प्रभू येशू त्याच सापाचं नाव घेतो आणि म्हणतो, मनुष्याच्या पुत्रालाही तसंच उंच केलं पाहिजे. म्हणजे साप दोषी नव्हता. वधस्तंभाची खूण म्हणून तो प्रभूला चालला. बिघाड झाला तो लोकांनी खुणेपाशीच मुक्काम ठोकला म्हणून. हा फरक पोरांना नीट समजावलास तर तुझे तीन प्रश्न निम्मे सुटतील.

पुढच्याच अध्यायात शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतली, बाई विहिरीवर भेटते. तिचा प्रश्न जागेचा होता, आमचा डोंगर खरा की तुमचं यरुशलेम. प्रभू तिला सरळ सांगतो की तारण यहूद्यांमधून आहे, पाणी घालून बोलत नाही. पण उपासनेची जागा तो दोन्हीकडून काढून घेतो. देव आत्मा आहे, त्याची उपासना आत्म्याने आणि खरेपणाने व्हायला हवी. मला नेहमी नवल वाटतं की उपासनेवरचं एवढं मोठं वचन शास्त्र्यांच्या सभेत न येता भरदुपारी, घागर घेऊन आलेल्या, पाच नवरे झालेल्या बाईला मिळालं. आणि ते मिळण्याआधी तिच्या संसाराचा विषय निघाला होता. तिने तो बदलायला पाहिला, पण खरेपणाची सुरुवात तिथूनच झाली.

आता तुझे प्रश्न. आजीची तसबीर भिंतीवरच राहू दे. ती तसबिरीशी बोलत नाही, प्रभूशी बोलते. खात्री नसेल तर तिच्याजवळ बसून प्रार्थना करून बघ. वसईच्या मित्राशी वाद घालण्यापूर्वी एवढं माहीत करून घे की हा प्रश्न त्याच्या मंडळीने शतकभर भांडून हाताळला आहे. पूर्वेकडच्या सम्राटांनी चित्रं फोडायला लावली, माणसं हद्दपार झाली, आणि 787 साली निकियाच्या दुसऱ्या परिषदेने ठरवलं की आराधना फक्त देवाची, प्रतिमेला द्यायचा तो मान, आणि तोही ज्याची प्रतिमा त्याला पोचतो. आपण प्रॉटेस्टंट लोक हे मान्य करत नाही. मलाही वाटतं की ती रेघ परिषदेच्या कागदावर ओढणं सोपं आणि जत्रेच्या गर्दीत पाळणं कठीण. पण त्याला मूर्तिपूजक म्हणून मोकळं होणं हा अप्रामाणिकपणा आहे. त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐक.

प्रसादाचं एका ओळीत उत्तर नाही, कारण प्रेषित पौलानेही दिलं नाही. 1 करिंथ 8 मधला पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही. दहाव्या अध्यायात तोच म्हणतो, प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे, असे दोन्हीकडचे वाटेकरी होऊ नका. आणि समोरच्याने सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मी स्वतः हसून, हात जोडून नको म्हणतो. आजवर कोणी रागावलेलं नाही. पण घेणाऱ्या भावाचा न्याय मी करत नाही, आणि तूही मंडळात तो खटला चालवू नकोस.

मात्र एका बाबतीत कडक राहा. कोणाच्या देवाची टिंगल तुझ्या अभ्यासात होता कामा नये. पौल इफिसात दोन वर्षांहून जास्त राहिला. त्याच्या शिकवणीने तिथल्या अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा धोक्यात आला आणि शहरभर दंगा उसळला. तेव्हा शहराचा लेखक जमावाला सांगतो की या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही. हे प्रशस्तिपत्र विरोधी बाजूने दिलेलं आहे. आपल्या काही प्रचारकांना ते मिळेल का, मला शंका आहे.

मग आपले पितळेचे साप कोणते? ते तू पोरांनाच शोधू दे. सुरुवातीला एखादं नाव तू घे, आणि तेही आपल्या आवडीचं. उदाहरणार्थ, गाणी. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपल्याला मराठी मातीतली भजनं दिली. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे जागा ठेवली. इतक्या मोकळ्या माणसाची भजनं घेऊन आज आपले ज्येष्ठ म्हणतात की पेटी-तबल्याशिवाय उपासनाच होत नाही. आणि तुमचं मंडळ म्हणतं, गिटार आणि ड्रम नसतील तर आत्मा उतरत नाही. दोघंही धूपच जाळताहेत. अभिषेकाच्या तेलाची बाटली, मोबाइलवरचा आवडता पास्टर, चर्चच्या जमिनीचा वर्षानुवर्षं चाललेला दावा, स्थळ बघताना हळूच विचारलेली मूळची जात, ही नावं पोरं काढतीलच. जातीचं नाव निघालं तर विषय बदलू नकोस. आमोस 5 काढ आणि मोठ्याने वाच. तिथे देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. लोक गात होते त्याच देवासाठी, हे लक्षात घे. पौल कलस्सैकरांना लोभ हीच मूर्तिपूजा म्हणतो तेही त्याच वाटेने.

तुझ्या स्वतःच्या बाबतीत एकच सुचवतो. अभ्यास चांगला झाला की लोक पाठ थोपटतील, पुढच्या वेळीही तुलाच बोलावतील, आणि ते गोड लागेल. त्यानंतर पहिली बोलावणी आली की ती दुसऱ्याला दे. कोण घ्यायला तयार नसलं तर त्या धाकट्या, गप्प मुलीला विचार. मागच्या वर्षी तिने गणना 21 चा पाठ वाचला होता.

वेळ पाऊण तास पुरे. शेवटची दहा मिनिटं पोरांना बोलू दे, मध्ये पडू नकोस. काय काय नावं निघाली ते मला लिहून कळव.

तुझा,
काका